भिंती उघड्या असतील तेव्हा ये

पत्र (थोडं कमी करून): ताई, मी मूळची सांगलीची, सध्या डब्लिनला नोकरीला. गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, वाड्याच्या वाटणीत आमच्याकडे खालच्या दोन खोल्या आल्या, मागे न्हाणीघर, सगळं मिळून 260 स्क्वेअर फूट. वर काकांची माडी. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते, वय 66. संडास बाहेर चौकात आहे आणि तिचे गुडघे दुखतात. 2019 ला घरात चार फूट पाणी होतं, 2021 ला पण आलं. मला तिला घर पूर्ण नवं करून द्यायचंय, मधली भिंत काढून ओपन किचन, मॉड्युलर ट्रॉल्या, फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, आत कमोड. एका कॉन्ट्रॅक्टरनी टर्नकी, म्हणजे माल-मजुरी सगळं त्यांचंच, 9 लाख सांगितलेत, निम्मे अ‍ॅडव्हान्स, शिवाय मुखत्यारपत्र पाठवा म्हणतायत म्हणजे तुम्हाला कशाचाच त्रास नको. मला डिसेंबरला तीन आठवडे सुट्टी आहे, तेव्हा तयार घरात वास्तुशांत करायची असं डोक्यात आहे. मामा विश्रामबागला असतात, ते लक्ष ठेवतील. आईला विचारलं तर म्हणते नळ तेवढा वर घे, पिंप भरताना वाकावं लागतंय, बाकी काही नको. मैत्रीण म्हणते विकून टाक आणि फ्लॅट घे. लांबून होईल का हे सगळं?

उत्तर:

होईल की, नक्की होईल, पण तू सुट्टी चुकीच्या टोकाला ठेवलीयस. बाहेरदेशी असलेली बहुतेक मुलं असंच करतात, काम इकडं उरकून घ्यायचं आणि आपण पूजेला यायचं. येऊन बघतात तर रंग छान, टाइल्स छान, सगळं चकाचक, आणि पहिल्या पावसाळ्यात न्हाणीच्या मागच्या भिंतीला ओल. तयार घरात तपासण्यासारखं काही उरलेलंच नसतंय गं. पाइप कुठून नेलाय, वायर कुठली घातलीय, फरशीखाली वॉटरप्रूफिंग केलंय का नुसतं सिमेंटचं पाणी फिरवलंय, हे तोवर सगळं झाकलेलं असतं. रंग काय, तो डब्लिनला बसून फोटोत पण दिसतो. म्हणून तुझे तीन आठवडे भिंती आणि जमीन उघडी असेल तेव्हाचे पाहिजेत. तू उतरलीस की दोन दिवसात हातोडा पडू दे, आणि तू परत जाशील तेव्हा घर अर्धवट असलं, गिलावा ओला असला तरी काही बिघडत नाही. वास्तुशांत नंतर आई आणि मामा करतील, तू व्हिडिओवर ये.

मामा म्हणतील पौषात कशाला. दुरुस्ती आहे, गृहप्रवेश नाही, हे त्यांना आधीच समजावून ठेव, कारण पौष टाळायला गेलात तर तुझी सुट्टी जाते. पावसाळ्यात तर गावभागात हे काम काढायचंच नाही आणि दिवाळीच्या पुढं-मागं माणसं गावाकडं जातात, तेव्हा डिसेंबर ते मार्च हाच सगळ्यात बरा काळ आहे.

आता आईचं ते वाक्य. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात कामाचं वाक्य ते वाटलं. तू म्हणतेस तिला काही नको, पण तिनं नेमकं एक काम सांगितलंय, तुझ्या यादीत ते नाहीये. आईला "तुला काय काय हवं" असं विचारू नकोस, या पिढीतल्या बायका त्याला काही नको असंच म्हणतात. तिला दिवस विचार. पहाटे पाणी येतं तेव्हापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत काय काय करते, कुठं वाकते, कुठं भिंतीला हात टेकून उठते, भाजी कुठं बसून निवडते, पावसात रात्री संडासला जायचं झालं तर चौक कसा ओलांडते, धुणं कुठं वाळतं, उशा-गोधड्या दिवसा कुठं जातात. एक तासाचा फोन होईल पण त्यातनं घराचा नकाशा तयार होतो. मी सांगली-मिरजेत जास्त करून एवढ्याच आकाराच्या घरांची कामं करते आणि माझा अनुभव असा की 260 फुटात डिझाइन चुकतं ते जागा कमी असल्यामुळं नाही, राहणाऱ्या माणसाचा दिवस माहीत नसल्यामुळं.

तो नळाचा प्रश्न सोडवायला सोपा आहे. पिंपाखाली फूटभर उंचीचा कट्टा आणि नळ त्याच्या वर, एवढं केलं तरी वाकणं बरंच कमी होईल. त्याहून चांगलं म्हणजे 300 लिटरची टाकी आणि एक छोटा पंप, म्हणजे भरायचं कामच गेलं, ओट्यावर आणि न्हाणीत दिवसभर नळ. फक्त एक बघ, ही टाकी कोणी "वरती तुळयांवर ठेवू" म्हणालं तर ठेवू द्यायची नाही. भरलेली 300 लिटर टाकी म्हणजे 300 किलो वजन, ते जुन्या लाकडावर कायमचं नको. न्हाणीच्या कोपऱ्यात लोखंडी अँगलचा स्टँड करायचा आणि त्याचे पाय थेट जमिनीवर आणायचे.

मधली भिंत काढू नकोस. वर काकांची माडी आहे म्हणजे त्या भिंतीवर तुळया टेकलेल्या असणार, वाड्यातली मधली भिंत ही नुसती आडोशाची फार क्वचित असते. लोखंडी गर्डर घालून काढता येते हे खरं, पण त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन बघून, हिशोब करून सही दिली पाहिजे, कॉन्ट्रॅक्टर "आम्ही अशा दहा काढल्यात" म्हणाला तर त्याच्यावर जाऊ नकोस, खाली तुझी आई झोपणार आहे आणि वर काकांचं कुटुंब. आणि खरं सांगू का, आईला ओपन किचन नकोय. फोडणीचा धूर अंथरुणापर्यंत येतो. मधल्या दाराची कवाडं काढून टाक, चौकट तशीच ठेव, मागच्या बाजूला छताजवळ एक झरोका आणि एक्झॉस्ट फॅन कर, तेवढ्यानं उजेड आणि हवा दोन्ही येईल. फॉल्स सीलिंग पण नको. उंची जाते, तुळयांना वाळवी लागली तर दिसत नाही, आणि पीओपी पाण्याला काही कामाचं नाही.

आता संडास, इथं मी जरा लांबण लावणार आहे कारण तुझ्या आईचं पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीनं सोपं होणार आहे. मागच्या न्हाणीचंच कमोडसहित बाथरूम करायचं, जागा साधारण चार बाय सहा असली तरी भागतं. पण तोडफोड सुरू करायच्या आधी एक मोजमाप घ्यायचं, बहुतेक ठिकाणी ते नंतर आठवतं. कमोडचा पाइप चौकातल्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत जाणार, त्याला उतार लागतो, 40 ते 60 फुटाला एक फूट असा. म्हणजे न्हाणीपासून चेंबर 20 फुटांवर असेल तर पाइपचं दुसरं टोक चार ते सहा इंच खाली पाहिजे. चेंबर तेवढं खोल नसेल तर गवंडी काय करतो, न्हाणीची जमीनच वर उचलतो, आणि मग बाथरूमला सहा-आठ इंचाची पायरी होते. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री ती पायरी! एवढा खर्च करून चौकातला त्रास उंबऱ्यात आणून ठेवल्यासारखं होईल. म्हणून आधी लेव्हल काढायची. दोन माणसं पारदर्शक नळीत पाणी भरतात, एक चेंबरपाशी उभा राहतो, एक न्हाणीत, दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि तिथनं खाली टेप लावायचा. फार वेळ लागत नाही त्याला. हे काम मामांना नोव्हेंबरातच करून घ्यायला सांग आणि दोन्ही खुणांचे टेपसकट फोटो मागव. उतार बसत नसेल तर चेंबर खोल करायचं, न्हाणी उंच करायची नाही. नवीन ड्रेनेज जोडणी करावी लागणार असेल तर महापालिकेत आधी विचारून घ्या, परवान्याचा प्लंबर लागतो.

दुसरं, तळमजला असल्यामुळं गवंडी तुला हमखास म्हणणार की खाली कोण राहतंय, वॉटरप्रूफिंग कशाला. तुमच्या भिंती जुन्या पांढऱ्या मातीतल्या असतील तर त्या पाणी ओढून घेतात, न्हाणीतली गळती शेजारच्या खोलीत दोन-तीन फुटांपर्यंत चढते. तेव्हा जमीन आणि भिंती किमान कमरेइतक्या उंचीपर्यंत वॉटरप्रूफ करायच्या, कोपरे गोलसर भरून घ्यायचे, आणि टाइल्स लावायच्या आधी जाळीचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी 48 तास भरून ठेवायचं. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलनं रेघ मारायची. सकाळ-संध्याकाळ बघायचं, आणि पलीकडच्या भिंतीला हात लावून बघायचा. हे 48 तास तू स्वतः सांगलीत असताना झाले पाहिजेत, मग बाकी काही राहिलं तरी चालेल. तसंच पाणी न्यायचे पाइप भिंतीत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट.

कमोडच्या बाजूला धरायला दांडी लागणार, आज नाही तर पाच वर्षांनी. ती मातीच्या भिंतीत नुसत्या स्क्रूवर टिकत नाही, म्हणून टाइल्सच्या आधीच त्या जागी वीट-सिमेंटचा भक्कम पट्टा करून घ्यायचा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, म्हणजे माणूस आत पडलं तरी बाहेरनं उघडता येतं. टाइल मॅट, गुळगुळीत नको.

आणि पूर. ऑगस्ट 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथं इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45. तुला हे पाठ असेल. पण तुझ्या कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत पुराची दखलच नाही, जणू काही हे घर कुठंतरी उंचावर आहे. दुरुस्तीनं पूर थांबत नाही, जमीन सहा इंच उचलून पण चार फूट पाण्याला काही होत नाही, उलट डोक्याची उंची जाते. करायचं एवढंच की पाणी येऊन गेल्यावर घर धुऊन पुन्हा राहता आलं पाहिजे, नव्यानं बांधायला लागू नये. भिंतीवर कुठंतरी पुराची रेघ अजून दिसत असेल, नाहीतर आई बरोबर दाखवेल. ती रेघ जमिनीपासून मोज, त्यात अर्धा फूट मिळव, आणि त्याच्या खाली काय येणार ते वेगळं ठरव.

रेघेच्या खाली प्लायवुड नाही, पार्टिकल बोर्ड तर अजिबात नाही. मॉड्युलरच्या स्वस्त ट्रॉल्यांचे खोके बहुधा पार्टिकल बोर्डचेच असतात, पाण्यात फुगतात आणि मग उचलून टाकायचे. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे कर, आपल्या आज्या-मावश्यांच्या घरात होते तसे, आणि त्याला अ‍ॅल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची दारं. दिसायला पण चांगलं दिसतं, कडप्पा नीट पॉलिश करून घेतला तर. भांड्यांना स्टीलच्या जाळ्या, सुट्या निघणाऱ्या. प्लाय वापरायचाच तर रेघेच्या वर, वरच्या कपाटांना, तो पण बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यात पण टिकणारा, आयएस 710 चा शिक्का बघून. टीव्ही भिंतीला टांगायचा, खाली युनिट वगैरे काही नको. पलंग लोखंडी, खाली मोकळा.

भिंतींचं असं की मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर पुट्टी, प्लॅस्टिक पेंट केलं की आतली ओल आतच कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत क्षार फुटून पापुद्रे सुटतात. गावभागात पूर येऊन गेलेल्या घरांत हे मी सारखं बघते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग, निदान रेघेपर्यंत. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधावा लागतो, पण जुन्या वाड्यांची डागडुजी करणारी माणसं अजून आहेत, मारुती चौकाकडच्या जुन्या सिमेंट-चुन्याच्या दुकानात चौकशी केली तर नाव मिळेल. भिंत भाजक्या विटांची निघाली तर मग गोष्ट वेगळी, तिथं सिमेंट चालतं. थोडा गिलावा खरवडून बघितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून पण तू सुरुवातीला पाहिजेस.

लाइटचं काम. मेन बोर्ड आणि सगळे प्लग रेघेच्या वर, साधारण पाच फुटांवर, आईचा हात पोचेल एवढेच, आणि वायर वरनं खाली उतरवायची, जमिनीतनं न्यायची नाही. दिव्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर, प्लगला अडीचची, गिझरला चारची, आयएसआय मार्क बघून. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायलाच लाव, ओल्या घरात करंट उतरला तर ती लगेच सप्लाय तोडते. जुन्या वाड्यात अर्थिंग बहुधा नसतंच किंवा नावाला असतं, ते नवीन करून घे, नाहीतर बाकीच्या खर्चाला अर्थ नाही. मीटर हलवायचा असेल तर महावितरणला अर्ज करूनच, खाजगी वायरमनला हात लावू द्यायचा नाही.

आणि या सगळ्याचे फोटो. बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, पण नुसता नाही, चौकटीपासून टेप ताणून धरायचा आणि टेपवरचा आकडा वाचता येईल असा. म्हणजे उद्या खिळा ठोकायचा झाला, पाइप फुटला, तर दारापासून किती फुटांवर काय आहे ते डब्लिनहून तू सांगू शकतेस. एक नियम करून टाक आणि कागदावर लिहून मिस्त्रीच्या सहीसकट ठेव, की फोटो आल्याशिवाय आणि इंजिनिअर बघून गेल्याशिवाय काहीही झाकायचं नाही, झाकलं तर उकरून दाखवायचं, त्यांच्या खर्चानं.

इंजिनिअर म्हणजे कोण, तर मामा नाही. मामांना तपासनीस करू नकोस. ते प्रेमानं जातील, मिस्त्री चहा पाजेल, मामा म्हणतील चाललंय छान, आणि उद्या काही बिघडलं की तू मामांना बोलणार, आई मध्ये सापडणार. सांगलीत नुकते पास झालेले डिप्लोमा-डिग्रीवाले सिव्हिलचे पोरं-पोरी भरपूर आहेत, त्यातलं एखादं ओळखीतनं शोध, कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीतलं नको. व्हिजिटला पैसे ठरवायचे. तोडून झाल्यावर एक व्हिजिट, पाइप-वायर बुजायच्या आधी एक, वॉटरप्रूफिंगच्या वेळी, गिलाव्यानंतर आणि शेवटी. 9 लाखाच्या कामात हा खर्च काहीच नाही. मामांना दुसरं काम दे आणि ते पण महत्त्वाचं आहे, गिलाव्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं का बघायचं. सलग सात दिवस तरी. रविवार आला, सण आला की पाणी मारायला कोणी येत नाही आणि पुढं भिंतीला चिरा.

त्या 9 लाखांचं सांगते. रक्कम जास्त का कमी हे मी इथनं सांगणार नाही, कारण टर्नकी म्हणजे आत काय आहे तेच कळत नाही. सुटी सुटी यादी माग, फरशी स्क्वेअर फुटावर, ओटा रनिंग फुटावर, लाइट पॉइंटवर, कमोड-नळ नगावर, कंपनी आणि मॉडेलसकट. भिंत काढणं, सीलिंग, टीव्ही युनिट, ट्रॉल्या यादीतनं वगळलेस की आकडा बराच खाली येईल, आणि वाचलेले पैसे ड्रेनेज, वॉटरप्रूफिंग आणि वायरिंगला जाऊ देत. शक्य झालं तर मजुरी उक्ती द्यायची आणि माल स्वतः घ्यायचा, बिलं आईच्या नावावर, पैसे थेट दुकानदाराला. निम्मा अ‍ॅडव्हान्स कुणालाच द्यायचा नाही. थोडा मागणं साहजिक आहे, त्याला बाजारादिवशी पोरांचा पगार करायचा असतो, म्हणून सुरुवातीला दहा टक्के आणि मग टप्पा पुरा झाला की दोन दिवसांत पैसे, यात तू एकदाही उशीर करू नकोस, परदेशातली माणसं पैसे अडकवतात असं एकदा झालं की तुझ्या कामावरची माणसं दुसरीकडं पळतात. शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस पडून गेल्यावर, हे पहिल्याच दिवशी बोलून लिहून घ्यायचं.

मुखत्यारपत्राची गरजच नाही. दुरुस्तीला मालकाची परवानगी लागते, आणि आई तिथंच राहते, तिची सही चालते. कुणी जनरल मुखत्यारपत्र मागितलं तर देऊ नकोस, त्यात विकायचे-गहाण टाकायचे हक्क पण जाऊ शकतात. पुढं कधी कशाला लागलंच तर त्या एका कामापुरतंच, मामांच्या नावानं, डब्लिनच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची. पैशाचं, तुझं इथलं जुनं सेव्हिंग खातं अजून तसंच चालू असेल तर ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं खातं, करून घ्यायला पाहिजे, नियम आहे तो. सरळ आईच्या खात्यावर पाठवलेस तरी चालतं, मुलीनं आईला दिलेल्या पैशावर तिला टॅक्स नाही. हिशोबाची वही मात्र ठेवा.

तू परत गेल्यावर रोजचं कसं चालेल ते पण ठरव. हिवाळ्यात आपण तुमच्या साडेपाच तास पुढं. इथं सकाळी नऊला मिस्त्री "हे कसं करू" विचारतो तेव्हा तुझ्याकडं पहाटेचे साडेतीन, तू उठेपर्यंत त्यानं त्याच्या मनानं करून टाकलेलं असतं. त्यात त्याची पण चूक नाही, माणसं बसवून ठेवता येत नाहीत. म्हणून उद्याचे प्रश्न आजच संपवायचे, इथल्या संध्याकाळी सहाला, तुझी जेवणाची सुट्टी असते तेव्हा, दहा मिनिटांचा फोन, उद्या काय होणार, त्यात कुठला निर्णय लागणार. लाइव्ह व्हिडिओत घर फिरवून दाखवतात त्यात काही कळत नाही, दिवसाउजेडी काढलेले चार नीट फोटो बरे. टाइल्स, नळ, कमोड जायच्या आधी विकत घेऊन मामांकडं ठेवून जा, टाइल्सचा एक बॉक्स जादा. रंगाचा शेड नंबर भिंतीवरच खडूनं लिहून ठेव.

विकायचं का? आई नको म्हणत असेल तर तो विषय बंद कर, मैत्रिणीला आईचं गल्लीतलं आयुष्य माहीत नाही. मात्र आईकडनं एक शब्द घे आणि यात हयगय नको, पाणी 40 फुटांकडं चाललंय असं कळलं की ती बॅग घेऊन विश्रामबागला जाईल, घरात पाणी यायची वाट बघणार नाही. खोलीत वर एक मजबूत फळी कर, कागदपत्रं, फोटो, मिक्सर, गॅसची शेगडी तिथं चढवायची, आणि ते चढवायला शेजारचं कोण येणार हे आत्ताच ठरवून ठेवा, तिला एकटीला जमणार नाही.

राहिले काका. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बाबांच्या नंतर वारसनोंद झालीय का ते बघून घे, नसेल तर तो अर्ज आधी. चौकातनं तुमचा ड्रेनेज पाइप जाणार, तो चौक सामाईक असणार, वरच्या माडीचा भार तुमच्या भिंतींवर, म्हणजे काकांच्या होकाराशिवाय यातलं एकही काम सुरळीत होणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नकोस, फोन कर आणि कळवायच्या ऐवजी विचार, की काका, आईसाठी आत संडास करायचाय, पाइप चौकातनं न्यावा लागेल, तुम्हाला कुठनं नेला तर चालेल. बोलणं झालं की जागा ठरवून साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्यायला मामांना पाठव. हे तिकीट काढायच्या आधी कर, कारण ते नाही म्हणाले तर पाइपची दुसरी वाट शोधायला महिनाभर जाईल आणि डिसेंबर हातचा जाईल.